दिलीपभाऊची नडगी

स्किन-व्हीडीच्या, म्हणजे त्वचा आणि गुप्तरोगांच्या ओपीडीत डॉक्टर म्हणून वर्ष काढलं, की किस्से हॉस्टेलच्या दाराआड पडलेल्या एप्रनसारखे साठत जातात. घरी जेवताना सांगता येत नाहीत, म्हणून आणखीच साठतात! आज एकाच पेशंटचे सांगते. खापरखेड्याच्या वीज केंद्रातला फिटर. नाव बदलून दिलीपभाऊ म्हणू.

*

दिलीपभाऊ ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या वॉर्डात होता. नडगी रात्री ठणकायची, कपाळाचं हाडही दुखायचं. एक्स-रेत नडगी वाळवी लागल्यासारखी! आम्हाला बोलावलं होतं ते पुरळ बघायला. तळहातांवरचे न खाजणारे तांबूस डाग बघून मी म्हटलं, "सर, सिफिलिस वाटतो. तो हाडातही शिरतो."

ऑर्थोचे सर हसले. "अगं, ते पुस्तकात! नागपुरात हाड कुरतडलेलं दिसलं की टीबी."

"सर, पुस्तकं नागपुरातही मिळतात!"

तोंडातून निघून गेलं. सर म्हणाले, "सोमवारी टीबीचं औषध सुरू करतोय. तोवर सिद्ध कर."

खाटेशी त्याची बायको उभी होती, सातव्या महिन्याची गरोदर. माझा सगळा जीव तिच्यात अडकला. सिफिलिस असेल तर तो तिच्यातून बाळापर्यंत जाणार. वेळेत इंजेक्शन दिलं तर बाळ वाचवता येतं. पण टीबीचा शिक्का बसला की तिचं रक्त कोण तपासणार? गरोदरपणाच्या सुरुवातीला तपासलं तेव्हा निगेटिव्ह होतं. लागण नंतरही होऊ शकते, पण सगळ्यांच्या लेखी विषय संपला!

*

"बाहेर कुणाशी संबंध आला का?" हे आपल्या वॉर्डात विचारायचं कसं? खाटेभोवती आई, बायको, मेव्हणा. मी म्हटलं, "जरा बाहेर थांबा." आई जागची हलली नाही.

"त्याले काय विचारता? मले विचारा. त्याचं सगळं मले माहीत हाये!"

सरकारी दवाखान्यात नातेवाईक घुसत नाहीत अशी एकच जागा, एक्स-रेची खोली. किरणांची भीती! मी स्वतः व्हीलचेअर ढकलत त्याला आत नेलं आणि दार लावलं.

"मॅडम, मशीन काहून बंद हाये?"

"आज फोटो नाही. आज तुम्ही बोलायचं."

त्यानं बंद दाराकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाला, "शटडाऊनच्या कामाले बाहेरगावी गेलो होतो. एकच डाव झालं, मॅडम."

"जंतूला एकच डाव पुरतो, भाऊ!"

*

सिफिलिसची रक्ततपासणी, व्हीडीआरएल, पाठवली. निगेटिव्ह! ऑर्थोच्या सरांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता हसरा चेहरा टाकला.

पण रक्तात अँटीबॉडी फार झाल्या तर ही टेस्ट फसते. सीरम पातळ करून पुन्हा लावावी लागते. मी लॅबमध्ये जाऊन उभीच राहिले. टेक्निशियन काका वैतागले. "पाणी टाकून दूध वाढते मॅडम, बिमारी नाही!"

"पाणी नको, सलाईन टाका. आणि मी इथून हलणार नाही."

काका पातळ करत गेले. मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "अरे बाप्पा! हे तर पॉझिटिव्ह येऊन राहिली!"

दुसऱ्या टेस्टनंही तेच सांगितलं. राउंडला सर मोठ्यानं म्हणाले, "टीबीचं औषध नको." आणि जाता जाता हळूच, "ते पुस्तक आणून दे."

*

आता बायको. दिलीपभाऊनं हात जोडले. "तिले टीबीच सांगा, मॅडम. तिचं रक्त गुपचूप घ्या."

"तुमचं गुपित मी फोडणार नाही. पण तिच्याशी खोटंही बोलणार नाही. तुम्हीच सांगा, आजच. सोबत हवी असेल तर मी बसते."

"बायको मले मारन!"

"मारू द्या. नडगी सांभाळा!"

विचारायला लाजतो डॉक्टर, सांगायला लाजतो नवरा आणि भोगतं बाळ. हे मी चालू देणार नाही, मी समोर असताना तरी नाही!

*

त्यानं सांगितलं. कसं, ते मला माहीत नाही. मला बसू दिलं नाही. तिचंही रक्त पॉझिटिव्ह आलं, आणि ती इंजेक्शनला आली. चेहरा दगडासारखा. पेनिसिलीनचं हे इंजेक्शन भयंकर दुखतं. दिलीपभाऊनं आदल्या दिवशी तेच घेताना वॉर्ड डोक्यावर घेतला होता. ती हूं की चूं नाही.

पोटावर हात ठेवून ती उठून बसली. शेजारी व्हीलचेअरवर बसलेल्या दिलीपभाऊकडे बोट दाखवून तिनं नर्सला विचारलं, "सिस्टर, याचे अजून बाकी हायेत ना?"

"हो, दोन."

"यापेक्षा जाड सुई नाही येत काय?"

आणि टेबलावरून उतरायला तिनं हात पुढे केला. त्याच्याकडे!