भिवापूरची परदेशीण

आता तुम्हीच सांगा, भिवापूरच्या मिरच्या तोडत वाढलेली, नऊवारी नेसणारी, ठेचा तोंडी लावल्याशिवाय जिचा घास खाली उतरत नाही अशी बाई परदेशी कशी असेल? पण गोपिकाबाई होत्या. कागदावर अगदी पक्क्या. १९७३ साल लागलं होतं, आणि गेली नऊ वर्षं दर जानेवारीत त्या नंदनवन वस्तीतून सायकलरिक्षानं पोलीस कचेरीत जात आणि अर्ज करत, की बापहो, मला नागपुरात आणखी एक वर्ष राहू द्या.

झालं असं होतं. सतराव्या वर्षी त्यांचं लग्न लागलं वामनरावांशी, आणि वामनराव होते रंगूनला रेल्वेत फिटर. पुढे ब्रह्मदेश स्वतंत्र झाला. नोकरी टिकवायची तर इथले नागरिक व्हा असं निघालं, आणि वामनरावांनी दोघांचेही कागद करून टाकले. बायकोला म्हणाले, "इथं सही कर." तिनं केली. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, घरीच चार अक्षरं शिकली होती, तेव्हा सही येते याचंच तिला कौतुक. कशावर करतो ते आधी विचारायचं असतं, हे कोणी शिकवलंच नव्हतं. चौसष्टात वामनराव वारले. मूलबाळ नाही, तिकडे हिंदुस्थानी लोकांचं बस्तान उठत चाललेलं. बाई बोटीनं मद्रासला आणि तिथून रेल्वेनं नागपूरला, धाकट्या भावाकडे आल्या. हा भाऊ म्हणजे गणपतराव, इतवारीच्या बाजारात मिरचीचा धंदा करणारे. त्यांनी स्टेशनावरच बहिणीची वळकटी उचलून सांगितलं, "बाई, आता कुठीच जायचं नाही." आठव्या दिवशी दारात हवालदार उभा. म्हणे, तुमच्याकडे कोणी फॉरेनर उतरला आहे काय?

तेव्हापासून ही चक्कर सुरू झाली. कचेरीतला चपराशी पुकारा करायचा आणि गोपिकाबाई उठून उभ्या राहिल्या की त्यांच्या डोक्यावरून मागं पाहायचा. "फॉरेनर कुठी आहे, माय? त्याले पाठवा." "मीच हावो ना गा," त्या म्हणायच्या. एकदा रांगेत पुढे मिशनच्या दवाखान्यातली गोरी सिस्टर होती. तिला तीन वर्षांचा परवाना मिळाला, वर साहेबानं खुर्ची दिली. गोपिकाबाईंना एकच वर्ष, तेही उभ्याउभ्या. घरी येऊन त्यांनी चुलीपाशी त्या साहेबाचा असा उद्धार केला की भावजय पदर तोंडाला लावून हसत सुटली.

पण यंदा हसण्याजोगं नव्हतं. खिडकीवर नवे बाबू आले होते, मनोहरराव. माणूस वाईट नव्हता, नियमाला घट्ट होता. त्यांनी फाईल उलटीपालटी केली, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बाई, आता वर्षाचा परवाना मिळणार नाही. वरून पत्र आलं आहे. सहा महिने देतो. जुलैच्या आत इथलं नागरिकत्व मागा, नाही तर परत जावं लागेल."

"कुठी परत?"

"रंगूनला."

"तिथं कोण हाये माह्यं?"

मनोहररावांनी फाईल परत उघडली. ते म्हणाले, "तुमचा जन्म इथला ना? मग काय कठीण आहे? जन्माची नक्कल आणा, बापाचं नाव दाखवा, अर्ज टाका." आजवरच्या सगळ्या कागदांवर नुसतं नवऱ्याचं नाव होतं. बापाचं कोणी विचारलंच नव्हतं. गोपिकाबाईंचा जीव भांड्यात पडला. बाप तर रामाजी, सारं भिवापूर ओळखत होतं.

बहीणभाऊ रेल्वेच्या छोट्या गाडीनं तालुक्याच्या गावी निघाले. डबा बांधून घेतला होता, भाकरी आणि झुणका. तहसील कचेरीत जुन्या कोतवाल बुकांचे गठ्ठे होते. पूर्वी गावात कोण जन्मलं, कोण मेलं ते कोतवाल घरोघर विचारून सांगायचा आणि त्याची नोंद व्हायची. मुलाचं नाव लिहीत नसत. बापाचं नाव, आणि पुढे मुलगा की मुलगी, एवढंच. कारकुनानं धूळ झटकून बाईंच्या जन्मसालाचं, १९२९चं बुक काढलं. रामाजी, रामाजी करत बोट खाली गेलं, परत वर आलं. रामाजीच्या घरी त्या साली काहीच झालं नव्हतं. आधीची आणि नंतरची बुकंही पाहिली. त्याआधी दोन मुली, दोन्ही मेल्याची नोंद. नंतर बत्तीस साली एक मुलगा, म्हणजे गणपतराव. मधे कोणी नाही.

गोपिकाबाई त्या पिवळ्या पानाकडे पाहतच राहिल्या. "गणपत, मी जन्मलीच नाही काय गा?"

"असं कसं होईन? पाहू द्या नीट." गणपतरावांनी बुक स्वतःकडे ओढलं आणि बहिणीच्या जन्माच्या महिन्यात त्यांचं बोट थांबलं. 'नत्थू. मुलगी.'

आणि दोघांच्याही डोक्यात एकदमच उजेड पडला. अरे देवा! ती सुपातली गोष्ट!

घरात ही गोष्ट शंभरदा सांगून झाली होती. दोन पोरी गेल्या म्हणून तिसरी झाल्याबरोबर आजीनं तिला सुपात घातली आणि शेजारच्या नत्थूच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली. नत्थूला मूल नव्हतं. त्याच्या बायकोनं पोर उचलून घेतली, आणि मग आईनं पायलीभर ज्वारी देऊन ती विकत आणली. म्हणजे यम आला तरी त्याला वाटावं की हे रामाजीचं लेकरू नव्हेच. लहानपणी गोपिकाबाईंना सगळे चिडवत, तू तर ज्वारीवर आणलेली. पण कोतवाल विचारायला आला तेव्हाही आजीनं यमाच्या धाकानं ठणकावून सांगितलं होतं, "आमच्या घरी नाही झाली, नत्थूच्या घरी झाली," हे मात्र आज, चव्वेचाळीस वर्षांनी, कळत होतं. कोतवाल बिचारा काय करणार? त्यानं सांगितलं तसं लिहिलं गेलं.

तहसील कचेरीत दोघं पोट धरून हसले. बुढीनं यमाला फसवलं आणि वर सरकारलाही! नक्कल घेतली, चिंचेखाली भाकरी खाल्ली आणि परत आले.

मनोहरराव मात्र हसले नाहीत. त्यांनी ती सुपाची गोष्ट दोनदा ऐकली, दोन्ही वेळा मान हलवली. "गोष्ट खरी असेल, पण गोष्टीवर शिक्का कुठं मारू? कागद नत्थूचा आहे. नत्थूला एकच मुलगी नोंदली आहे. ती तुम्ही, असं प्रतिज्ञापत्र द्या, काम झालं. रामाजीच बाप म्हणायचं तर कोर्टात भांडा. चार-पाच वर्षं कुठं गेली नाहीत. आणि तुमचा परवाना जुलैपर्यंत."

"म्हणजे जिथं जन्मली तिथं राहासाठी बाप बदलू?"

"कागदावर, बाई. फक्त कागदावर."

गोपिकाबाईंना काही समजेनासं झालं. त्या आठ दिवस घरात नुसत्या इकडून तिकडे फिरत होत्या. तांदूळ निवडायला घेत आणि निवडलेले परत न निवडलेल्यात टाकत. बाप गेला तेव्हा त्या रंगूनला होत्या, पत्र महिन्यानं पोचलं होतं. त्याचं तोंडही पाहायला मिळालं नाही, आणि आता हे! शपथेवर सांगायचं की तो माझा कोणी नव्हता? नाही सांगितलं तर बोटीत बसायचं, आणि उतरून कोणाचं दार वाजवायचं? परदेशी म्हणा तर घर नाही, इथली म्हणा तर बाप नाही. हा कुठला न्याय झाला? त्यांना सरकारचा राग येई, मग आजीचा येई, मग वाटे की आजीनं तसं केलं नसतं तर आज राग यायला आपण असतो की नाही कोणास ठाऊक.

शेवटी गणपतराव म्हणाले, "द्या लिहून. बाप काय कागदानं जाते काय? बाबा असते तं त्यायनंच सांगतलं असतं, बाई, सही कर न् घरी चाल."

मग त्या गेल्या. वडिलांचं नाव विचारलं तेव्हा आधी मनात बापाची माफी मागितली आणि म्हणाल्या, "नत्थू." मनोहररावांनी भराभर रकाने भरले. वय, गाव, नवऱ्याचं नाव, येण्याची तारीख. एकच रकाना उरला.

"ज्यांच्या घरी राहता ते तुमचे कोण?"

"भाऊ हाये माह्या. हा काय, उभा हाये ना बाजूले."

मनोहररावांची लेखणी थांबली. "भाऊ कसा लिहू, बाई? तुमचा बाप नत्थू, यांचा रामाजी. भाऊ लिहिलं की वरची शपथ खोटी, अर्ज रद्द. दुसरं काही तरी सांगा."

खिडकीपाशी मागची माणसं चुळबुळ करू लागली. गोपिकाबाईंनी भावाकडे पाहिलं. गणपतराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. मान न वळवता ते म्हणाले, "लिहा साहेब. शेजारी. गावाकडचे शेजारी हावो आमी."

मनोहररावांनी लिहिलं, टिपकागद दाबला आणि कागद सहीसाठी पुढे सरकवला. नऊ वर्षं परदेशी म्हणवून घेताना ज्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ती सही करून तिथंच खिडकीचा गज धरून ओक्साबोक्शी रडायला लागली. चपराशी पाणी घेऊन धावला. तिनं पेला दूर सारला आणि भावाची बाही धरली.

"तू काहून म्हटलं गा, गणपत? मी म्हटलं असतं ना. बापाले तं मी बाप नाही म्हटलंच होतं, तुले शेजारी पण मीच म्हटलं असतं."

मागं रांग वाढत होती, आणि गणपतराव बहिणीचा हात धरून तसेच उभे राहिले.