थोरली कोण?

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहतात. दारावर 'डॉ.' अशी पाटी. ती वाचून वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर आपला दुखरा गुडघा घेऊन गेले. बाई म्हणाल्या, "अहो, मी माणसांची नाही, कॉम्प्युटरची डॉक्टर. कुलपांवर संशोधन करते." मास्तरांच्या पोटात काही राहतं थोडंच! संध्याकाळी शेजारीण दत्त म्हणून हजर. "आमच्या कपाटाची किल्ली फिरत नाहीये हो." बाईंनी मुकाट्याने जाऊन दोन थेंब तेल सोडलं, कपाट उघडून दिलं. तेव्हापासून त्या आमच्या कुलूपबाई.

त्यांची कुलपं वेगळी, हे मला पुढे चहाच्या आमिषाने कळलं. कॉम्प्युटरच्या पोटात एकाच वेळी ढीगभर कामं चाललेली असतात आणि ती सगळी एकाच वस्तूवर तुटून पडतात. दोघांनी एकदम हात घातला की घोटाळा. म्हणून एकाने कुलूप लावायचं, काम उरकायचं, दुसऱ्याला वाट द्यायची. पण दोघं एकमेकांची वाट बघत बसली तर जन्मभर बसतील. त्याहून वाईट म्हणजे दोघंही सभ्य निघाली तर! अरुंद बोळात समोरासमोर आलेल्या माणसांसारखी. हा डावीकडे सरकतो, तोही त्याच बाजूला. हा परत येतो, तोही परत. दोघांची धावपळ चाललीय आणि पुढे कुणीच जात नाही.

बाईंची उभी हयात या सभ्य मंडळींवर गेली. प्रबंध त्यावर, मानसन्मान त्यावर, परदेशातली भाषणं त्यावर. निष्कर्ष त्या चिमटीत पकडून सांगायच्या, "दोघं हुबेहूब सारखी असली की तिढा सुटत नाही. एकाला थोरलं, एकाला धाकटं ठरवावंच लागतं."

हे ज्ञान पुस्तकातलं नव्हे, घरचं. बाई जुळ्यांतल्या.

दुसरीचं आणि तिच्या नवऱ्याचं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला चष्म्याचं दुकान. मी तिथलं जुनं गिऱ्हाईक. माझा नंबर काही इतका पटापट बदलत नाही, पण दुकानात बातम्या चांगल्या मिळतात. पुढचं सारं मला त्या नवऱ्याने सांगितलं, तेही हल्लीच.

दोघींत आधी कोण जन्मली हे आईशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. दाखल्यावर नुसती तारीख, आणि सुईण कधीच देवाघरी गेलेली. लहानपणी बाई खिडकीजवळच्या पलंगासाठी हटून बसल्या, तेव्हा आईने त्यांना स्वयंपाकघरात ओढून कानात सांगितलं, "मोठी तू आहेस. तिला बोलू नकोस, हिरमुसेल. मोठ्याने सोडायचं असतं, राणी." बाईंनी पलंग सोडला. त्यानंतर आयुष्यभर सोडतच राहिल्या. गंमत अशी की बहीणही काही घेईना. एक आईस्क्रीम असलं तर 'तू घे', 'नाही, तू घे' करत बशीत त्याचं पाणी व्हायचं.

अशा दोघींचं भांडण व्हावं? झालं. बाई परदेशात व्यासपीठावर उभ्या, फोन बंद, आणि इकडे आईला एकाएकी दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आत्ता शस्त्रक्रिया, नाहीतर नाही. बहिणीने होकार दिला. आई टेबलावरून परत आली नाही.

बाई आल्या त्या थेट तिच्या दारात. "मला न विचारता?"

"विचारणार कुणाला? तुझ्या बंद फोनला?"

"थांबायचंस."

"तू थांबायला शिकवतेस, माहितीय. आई थांबणार नव्हती."

बस. त्यानंतर बोलचाल बंद. वर्षं गेली. बाईंचे केस पिकले, विद्यार्थी प्राध्यापक झाले. गावभरचे तिढे सोडवणाऱ्या बाईंना रोज एकच टोचणी: बहीण परत मिळेल का? फोन हातात घ्यायच्या आणि ठेवून द्यायच्या. फोनवर 'येऊ नकोस' म्हणणं सोपं असतं. दारात उभ्या माणसाला ते म्हणवत नाही.

शेवटी एका वर्षी, आईच्या श्राद्धानंतरच्या रविवारी, त्यांनी मनाशी म्हटलं, मोठी मी, सोडायचं मीच. नवी साडी नेसल्या आणि पुलावरून जाणारी बस पकडली. बहिणीच्या दारावर घंटा वाजवली. पुन्हा वाजवली. दाराला बाहेर पाहायचं भिंग होतं. ती आतून बघते आहे आणि उघडत नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. बराच वेळ जिन्यात बसल्या आणि उन्हं उतरल्यावर परत आल्या. घरी कुणाला काही बोलल्या नाहीत. घरी होतं तरी कोण?

आणि मग बहीणच गेली. दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवता बसवता कोसळली. मेंदूत रक्तस्राव.

बाई भेटायला गेल्या. नवरा दुकानाच्या मागच्या खोलीत बसला होता. बोलायला सरळ माणूस. "आता आलात? ती आली होती तेव्हा दार उघडलं असतंत तर?"

"माझ्याकडे? कधी?"

"आईंच्या गेल्या श्राद्धानंतरच्या रविवारी. मी गावाला गेलो होतो. बाजारावरून जाणारी बस पकडून गेली. घंटा वाजवून वाजवून थकली. म्हणाली, ताईगिरी करायला गेले होते, पण तिने आतून बघितलं आणि उघडलं नाही."

"त्याच रविवारी मी तुमच्या जिन्यात बसले होते."

त्याने खुर्ची पुढे सरकवली, पण बाई उभ्याच राहिल्या.

"आणि ताईगिरी कसली? मोठी तर मी."

"छे हो. मोठी ती. आईंनीच तिला सांगितलेलं, लहानपणी. तुम्हाला सांगू नको म्हणून बजावलं होतं."

दोघी सारख्या, दोघी सभ्य, आणि बोळ एकच. जगाला हा तिढा शिकवणाऱ्या बाईंना तो ओळखता आला नाही. मला सांगताना नवऱ्याने काचा पुसायचं फडकं तोंडाशी धरलं होतं.

बाई म्हणाल्या, "भाऊजी."

बोलचाल होती तोवर त्या त्याला मेहुणे म्हणत; धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला म्हणतात तसं. भाऊजी हा थोरलीचा नवरा. तो गोंधळला. "मला म्हणालात?"

"हो. ती मोठी. मी धाकटी."

"आता त्याचा काय उपयोग, बाई?"

"काहीच नाही." मग त्या खाली बसल्या. "ताई कशी होती हो, मधल्या वर्षांत? मला काहीच माहीत नाही. सगळं सांगा."

त्याने सांगायला घेतलं. चहात साखर घ्यायची सोडली होती. डावा खांदा दुखायचा. दुकानात गाणं गुणगुणायची, एकच ओळ, पुढची तिला येत नव्हती.

"ती मला येते," बाई म्हणाल्या.