येणारा-जाणारा फॉल्ट

मामीचा फोन आला तेव्हा मी रोह्याला, आमच्या घरी, कपडे वाळत घालत होते. रविवारची सकाळ होती. एरवी ती नुसता मिस्ड कॉल द्यायची, पण त्या दिवशी फोन वाजतच राहिला. "तू ये गो..." एवढंच ती म्हणाली. मागे बायकांचे आवाज येत होते. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

मामाला जाऊन महिना उलटला. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. कॉलेज पेणला, म्हणून मामा-मामीकडेच राहिले. त्यांना मूलबाळ नाही. घराला लागूनच मामाचं गॅरेज, गाड्यांच्या वायरिंगचं. मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसायचे आणि समोर त्याचं काम चाललेलं असायचं. पावसाळा आला की गाडीच्या दारातल्या, बटणावर चालणाऱ्या काचांच्या तक्रारी वाढायच्या. काच वर जात नाही, खाली येत नाही, मध्येच अडकते. मामा दार लगेच खोलायचा नाही. आधी स्विच दाबून दाराला कान लावायचा. आत मोटर गुरगुरते का ते ऐकायचा. मग फ्यूज बघायचा, मग ड्रायव्हरकडच्या स्विचने काच चालते का आणि त्या दाराच्या स्विचने चालते का, ते वेगवेगळं करून बघायचा.

पण त्याला खरी धास्ती असायची ती येणाऱ्या-जाणाऱ्या फॉल्टची. दार आणि बॉडी यांच्यामध्ये रबराची एक नळी असते, तिच्यातून वायरी दारात जातात. दार हजारदा उघडून मिटून वायर आतल्या आत तुटते, वरचं प्लास्टिक मात्र शाबूत राहतं. टोकं टेकली तर काच चालते, सुटली तर बंद. त्यामुळे गाडी गॅरेजपर्यंत येईस्तोवर काच आपोआप चालू झालेली असायची. गिऱ्हाईक खूश!

"झाली की चालू! द्या चावी, डोलवीला कंपनीत शिफ्ट गाठायचीय मला," एकदा एकजण म्हणाला.

"चालली म्हंजे बरी झाली असं नाय, शेठ. आता तर मला जास्त भीती वाटते." मामा स्विचवर अंगठा ठेवून दार पुढे-मागे हलवत राहिला. "गाडी पाण्यात गेली तर दार उघडत नाय. काचेचीच काय ती वाट. तेव्हा ती रुसली तर?"

"तुमच्या तोंडात चांगलं काय येतच नाय का हो!" तो माणूस वैतागला. पण हलवता हलवता काच मध्येच थांबली, आणि तो ओट्यावर येऊन टेकला.

उन्हाळ्यात एका दुपारी मामा काम करता करता खाली बसला. चेहरा घामाने डबडबलेला, डावा हात उजव्याने धरलेला. मी आणि मामी पाणी घेऊन येईपर्यंत तो उठून उभाही राहिला होता. "थांबलं गो. गॅस झाला असंल."

मी म्हटलं, "मामा, डॉक्टरकडे जाऊ. थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही, तूच सांगतोस ना?"

"व्हय, मास्तरीणबाई! मी काय गाडी हाय?" तो हसला. मग मामी आत गेल्यावर हळूच म्हणाला, "दाराचं आतल्या बाजूचं पॅड काढलं ना बाय, की आत कायतरी निघतंच. एक बघायला जावं तर चार निघतात."

तेव्हा मला कळलं की त्याला दुखणं माहीत होतं. तो घाबरला होता. आणि तो घाबरलाय हे बघून मी जितकी घाबरले, तितकी कशालाच घाबरले नव्हते. त्यानंतर रोज सकाळी मोरीत त्याचं खाकरणं ऐकू येईपर्यंत मला उठवत नसे. आम्ही दोघींनी किती विनवण्या केल्या... दर वेळी दुखणं थांबलेलं असे, आणि दर वेळी तो तेवढ्यावरच आम्हाला गप्प करी. शेवटी सोमवारी जायचं कबूल केलं त्याने. मी त्या भरवशावर दोन दिवस रोह्याला घरी गेले. सोमवार त्याला मिळाला नाही.

तेराव्यानंतर मी पेणलाच राहिले. गॅरेज बंद असतं. मागच्या आठवड्यात मामी चुलीपुढे भाकरी थापत होती. थापता थापता तिचा हात थांबला. पिठाचा पंजा तिने छातीवर दाबून धरला, क्षणभरच, आणि पुन्हा भाकरी फिरवायला लागली. काळ्या ब्लाऊजवर पाच बोटं उमटली होती.

"मामी..."

"काय नाय गो. थांबलं."

माझी नजर त्या पाच बोटांवरून हटेना. तिने माझ्याकडे पाहिलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिने ती उलटली नाही. मग चुलीतलं लाकूड ओढून तिने विझवलं आणि हात धुतले. "चप्पल घाल. दुखणं परत येईस्तोवर वाट नाय बघायची."

दवाखान्यात गर्दी होती. आमचा नंबर येईपर्यंत तिने माझं मनगट सोडलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, "आत्ता दुखतंय का?"

"नाय," मामी म्हणाली. "म्हणूनच आले."