अकरा कवळ्यांचा हिशेब

मार्च महिना आला की अजूनही माझे पाय दुखतात. हिशेब लिहिणं सोडून कितीतरी वर्षं झाली, पण फेब्रुवारी सरला की पोटऱ्या जड होतात आणि विनाकारण कुणावर तरी डाफरावंसं वाटतं. घरचे म्हणतात, वय झालं. मी म्हणते, मार्च आहे.

सत्तरच्या दशकात मी सीताबर्डीवर पाच-सहा ठिकाणी हिशेब लिहीत असे. आमच्या वस्तीत बी.कॉम. झालेली मुलगी मी पहिलीच, त्यामुळे कौतुक भरपूर झालं. नोकरी मात्र लागली नाही. मग एक कापडाचं दुकान, एक छापखाना, एक रेडिओ दुरुस्तीवाला, दोन किराणावाले आणि एक दातांचे डॉक्टर अशी वार ठरवून माझी फिरती सुरू झाली. दुकानदारांचं वर्ष दिवाळीला संपायचं, डॉक्टरांचं आणि छापखान्याचं मार्चला. म्हणजे मला वर्षातून दोनदा मरायला व्हायचं.

वर्ष संपत आलं की प्रत्येकाचा एकच प्रश्न असायचा, किती दाखवायचं? अकरा महिने ज्यांना वहीचं तोंड बघायला फुरसत नसे, ते बाराव्या महिन्यात माझ्या खुर्चीला खुर्ची लावून बसत. विम्याचा हप्ता भरला का, पोस्टाची सर्टिफिकेटं घ्यायची का, भाच्याला पगारावर दाखवता येईल का. सर्टिफिकेटांच्या रांगेत त्यांच्या वतीने मीच उभी राहायची, आणि वर टॅक्स भरावा लागलाच तर तो माझ्यामुळेच भरावा लागला असा त्यांचा चेहरा असायचा.

डॉक्टर त्यातल्या त्यात बरे. माणूस सरळ, पण हिशेबाच्या बाबतीत अगदीच गबाळा. जिन्याने वर गेलं की दोन खोल्या, एकीत पेशंट, दुसरीत प्लास्टरची पोती आणि कवळ्यांचे साचे. गरिबाघरची म्हातारी माणसं आली की ते त्यांना कवळी फुकट करून देत आणि कुठेही त्याची नोंद करत नसत. मी दर मार्चला त्यांच्याशी भांडायची. निदान एका वहीत नाव लिहा, पुढे 'मोफत' लिहा, उद्या कुणी विचारलं तर दाखवायला होईल. ते म्हणत, 'मोफत' असं लिहिलं म्हणजे त्या माणसाच्या तोंडावर शिक्का मारल्यासारखं आहे. मला ते ऐकायला छान वाटायचं आणि रागही यायचा, कारण शेवटी निस्तरायला मीच होते.

एका वर्षी पेशंट बरे आले आणि टॅक्स जास्त बसेल अशी लक्षणं दिसायला लागली. डॉक्टरांची पेशंटची खुर्ची जुनी झाली होती. मी म्हटलं, नवीन घ्यायचीच आहे तर मार्चच्या आत घ्या, वर्षभराचा घसारा, म्हणजे झिजेपोटीची वजावट, मिळेल आणि टॅक्स कमी बसेल. फक्त खुर्ची एकतीस तारखेच्या आत वापरात यायला हवी, नुसती आणून ठेवून चालणार नाही. खुर्ची आली, पण नेमकी होळीच्या तोंडावर, आणि दोन दिवस जिन्यावर कुणी फिरकेना. मला धीर नव्हता. माझ्या आईच्या तोंडात तेव्हा चारच दात उरले होते, आणि तेही हलणारे. मी तिलाच घेऊन आले. दात काढणं नव्या खुर्चीतच झालं, मापंही तिथंच घेतली, आणि पेशंटच्या वहीत तारखेनिशी तिचं नाव मी माझ्या हाताने लिहिलं. पुरावा हवा होता ना. आपण फार हुशार आहोत असं मला त्या दिवशी वाटलं.

महिनाअखेरीला कवळी बसली. डॉक्टरांनी पैसे घेतले नाहीत. तुमच्या आईकडून काय घ्यायचं, म्हणाले.

आता अडचण आईची होती. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून तिने कुणाकडून काहीही फुकट घेतलं नव्हतं. त्याआधी तिच्या आईने लोकांची उतरलेली लुगडी नेसून आयुष्य काढलं होतं, आणि ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात तिने अठ्ठावीस वर्षं काढली, पण शेजारणीच्या घरची वाटीभर साखरसुद्धा दुसऱ्या दिवशी परत जायची. फुकटची कवळी आहे म्हटलं असतं तर तिने ती काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली असती. म्हणून मी सांगितलं, पैसे माझ्या पगारातून कापणार आहेत, महिन्याला दहा रुपये. तिचं समाधान झालं.

डॉक्टर मला महिन्याला साठ रुपये देत. मी व्हाउचरवर साठांची सही करायची आणि घरी येऊन आईच्या हातावर पन्नास ठेवायची. उरलेल्या दहांचं काय करावं हे पहिल्या महिन्यात मला कळेना. दुसऱ्या महिन्यात कळलं. सीताबर्डीहून वस्तीपर्यंत पायी यायला पाऊण तास लागायचा. त्या दहांतून मी रिक्षा करायला लागले. कधी एकटीने हॉटेलात बसून डोसा खाल्ला, कधी दुपारचा सिनेमा पाहिला. बाकीच्या सगळ्या पैशाला घरात वाट ठरलेली होती, या दहांना नव्हती. मला ते पैसे फार आवडायचे, खोटं कशाला बोलू. पूर्ण कवळीचा डॉक्टरांचा दर दीडशे होता, म्हणजे पंधरा महिन्यांत कापणं थांबायला हवं होतं. पंधरावा महिना आला आणि गेला. आईने विचारलं नाही आणि मी थांबले नाही.

दोन वर्षांनी, पुन्हा मार्चमध्येच, डॉक्टरांना इन्कम टॅक्सची नोटीस आली. ज्या वर्षी खुर्ची घेतली त्याच वर्षाचा हिशेब तपासायचा होता. वकील करायला डॉक्टर तयार नव्हते. वह्यांचं गाठोडं घेऊन त्यांच्याबरोबर मीच सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसात गेले.

अधिकारी पुण्याकडचे होते, वयाने फार नव्हते, पण फायलींच्या ढिगाआड त्यांचाही मार्च चाललेला दिसत होता. त्यांनी आमची रोजकीर्द बाजूला सारली आणि मुंबईहून येणाऱ्या दातांची बिलं मागितली. कवळीचे दात संचाने विकत येतात, एका माणसाला एक संच. बिलांवर एक्केचाळीस संच होते. पावत्या सव्वीस. वर्षअखेरीला कपाटात शिल्लक चार. त्यांनी कागदावर वजाबाकी केली आणि विचारलं, "अकरा तोंडं कुठे गेली, डॉक्टर?"

डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. फुकट दिल्या. कुणाला दिल्या ते मात्र त्यांना आठवेना. एक म्हातारा टांगेवाला होता, एक बाई खापरखेड्याला मुलाकडे निघून गेली, असं काहीबाही. अधिकाऱ्यांनी मान डोलवली आणि पेशंटची वही चाळायला घेतली. त्यांचं बोट एका नावावर थांबलं. नाव आहे, तारीख आहे, मापं घेतल्याची नोंद आहे, पावती नाही. त्यांनी विचारलं, ही कोण?

 डॉक्टर अगदी मोकळेपणाने म्हणाले, या आमच्या बाईंची आई. अधिकाऱ्यांना बरं वाटलं. मग सोपं आहे, उद्या अकराला त्यांना घेऊन या, त्या एवढंच सांगू देत की पैसे दिले नाहीत. एकाचं खरं निघालं तर बाकीच्यांचाही विचार करता येईल.

म्हणजे आता सगळं माझ्या आईच्या एका वाक्यावर आलं होतं. तिने खरं सांगितलं तर डॉक्टर सुटत होते, आणि खरं काय ते तिला माहीतच नव्हतं. संध्याकाळी सांगायचं ठरवलं, सांगितलं नाही. सकाळी रिक्षात बसल्यावर सांगू म्हटलं. रिक्षात मी तिला एवढंच म्हणाले, साहेब विचारतील, तू सांग की कवळीचे पैसे दिले नाहीत. ती माझ्याकडे वळून बघायला लागली.

"तू मले खोटं बोलाले लावून राह्यली का वं?"

तेव्हा बोलायचं होतं. रिक्षावाला ऐकतोय, ऊन लागतंय, ऑफिस जवळ आलंय, अशी कारणं मी मनात मोजत बसले. म्हणाले, डॉक्टरांचं भलं होईल. 

अधिकाऱ्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं, नाव विचारलं. मग कवळीबद्दल विचारलं. आई ताठ बसून म्हणाली, "मी फुकट काई घेतलं नाई सायेब. माह्या पोरीच्या पगारातून दर महिन्याले दहा रुपये कापले. दोन वर्सं झाले."

डॉक्टर चकित होऊन माझ्याकडे बघत होते. अधिकाऱ्यांनी शांतपणे आकडा मांडला. दोनशे चाळीस. पावत्यांवर दर दीडशेचा. म्हणजे पावत्या फाडल्या नाहीत एवढंच नाही, ज्या फाडल्या त्याही कमी रकमेच्या आहेत, असं म्हणायला आता जागा होती. सदतीस कवळ्या त्यांनी दोनशे चाळीसच्या दराने धरल्या असत्या तर डॉक्टरांचं खुर्चीसकट सगळं विकायची पाळी आली असती. त्यांनी पगाराची व्हाउचरं काढली. साठ, साठ, साठ, प्रत्येक ठिकाणी माझी सही. त्यांनी मला विचारलं की आई म्हणते दहा कापले, तुमची सही पूर्ण साठांवर आहे, खोटं कुणाचं?

मी म्हणाले, "माझं."

आणि मग सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पैसे घेतले नाहीत, आईला मी खोटं सांगितलं, दहा रुपये मी ठेवले, खर्च केले. कशावर, तेही त्यांनी विचारलं. रिक्षा, डोसा, सिनेमा, हे शब्द त्या खोलीत मला एकेक करून उच्चारावे लागले. त्यांनी मला दटावलं नाही. फक्त म्हणाले, बाई, या वह्याही तुम्हीच लिहिता. 

दोन्ही जबाब लेखी झाले. आई रात्रीच्या वर्गात सही शिकली होती, वाचायला शिकली नव्हती. न वाचता येणाऱ्या माणसाला सहीआधी कागद वाचून दाखवायचा असतो. कारकुनाने तिचा जबाब वाचला, आणि त्याच ओघात माझाही वाचला. 'सदर रक्कम मी आईस न देता स्वतःच्या खर्चासाठी वापरली.' तो सावकाश वाचत होता, म्हातारीला नीट कळावं म्हणून. आईने शेवटपर्यंत ऐकलं, मग पेन मागितलं आणि आपल्या जबाबाखाली सही केली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

अधिकाऱ्यांनी शेवटी आईची एक कवळी फुकट धरली आणि उरलेल्या दहा कवळ्या दीडशेच्या दराने उत्पन्नात मिळवल्या. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. डॉक्टरांनी न मिळालेल्या दीड हजारांवर टॅक्स भरला आणि मला कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं. त्यांनी एक वही मात्र विकत आणली आणि माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, आता तुम्ही म्हणाल तसं लिहू.

घरी आईने त्या विषयावर शब्द काढला नाही. कवळी घालत होती, जेवत होती, भाजी आणत होती. मला वाटलं, निभावलं. पहिल्या तारखेला मी साठ रुपये तिच्या हातावर ठेवले. तिने दहाची नोट वेगळी काढली आणि परत माझ्याकडे केली.

"हे डॉक्टरसायेबाले दे. पावती आनजो."

डॉक्टर घेईनात. मी त्यांना म्हटलं, घ्या, नाहीतर ती स्वतः येऊन जिन्यात बसेल. पंधरा महिने मी ते दहा रुपये नेले. पावती मीच लिहायची, रोजकीर्दीत जमा मीच करायची, आणि मार्च आला तेव्हा डॉक्टरांच्या उत्पन्नात ते मीच धरले. घरी येऊन पावती आईला द्यायची. पूर्वी रेशनकार्डापासून गिरणीच्या चिठ्ठीपर्यंत घरात आलेला प्रत्येक कागद ती माझ्यापुढे धरायची आणि मी वाचून दाखवायची. या पंधरा पावत्या तिने माझ्याकडून वाचून घेतल्या नाहीत. पदराला हात पुसून ती पावती घ्यायची, चपला घालायची आणि शेजारच्या शिक्षिकाबाईंकडे जाऊन त्यावर काय लिहिलंय ते विचारून यायची.