चालतंय ना?

फ्रिज दुरुस्त करणाऱ्या या माणसाला गल्लीत सगळे थंडोबा म्हणत, तेही तोंडावर. त्याचा कारभारच सावकाशीचा. फ्रिज आवाज करतोय पण गार होतोय, अशी तक्रार घेऊन कोणी आलं की तो मान न वळवता म्हणायचा, "चालतंय ना? मग उघडायचं कशाला? बंद पडला की बोलवा." या बाण्याचा त्याला कोण अभिमान!

लेकीला मधुमेह निघाला तेव्हा मात्र तो घाबरला. डॉक्टरबाईंनी समजावलं, की रोगाशी लढणारी शरीराची फौजच चुकून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते आहे. इंजेक्शनं कायमचीच, पण थोड्या पेशी अजून शिल्लक आहेत. त्या फौजेला आवरणारं एक नवं औषध आहे. त्याने आजार जाणार नाही, पण उरलंय ते काही काळ टिकू शकेल. "मात्र लवकर ठरवा," बाई म्हणाल्या. "पेशी आहेत तोवरच त्याचा उपयोग."

थंडोबा मान डोलावून आला. पण इन्सुलिन सुरू झालं आणि लेकीची साखर अशी ताळ्यावर आली की तो हरखलाच. डोससुद्धा उतरला. हा चार दिवसांचा दिलासा असतो, असं बाईंनी बजावलं होतं. बायकोनेही औषधाचं टुमणं लावलं होतं. "पोर धडधाकट आहे, आणि तुला आता नसता उद्योग सुचतोय?" म्हणत त्याने तिला गप्प केलं. वर गल्लीभर मिरवला.

मग साखर पुन्हा चढली. तो धावत गेला. नवी तपासणी पाहून बाई हळूच म्हणाल्या, "आता वाचवण्यासारखं फारसं उरलं नाही हो." त्या रागावल्या असत्या तरी त्याला बरं वाटलं असतं. तोंड कुठे लपवावं ते कळेना. लेकीला यातलं काही ठाऊकच नव्हतं.

एका दुपारी ती त्याच्या दुकानात इन्सुलिन टोचून घेत होती, तेवढ्यात फोन आला. फ्रिज आवाज करतोय, पण गार होतोय.

"आत्ता येतो," थंडोबा म्हणाला.

लेक हसली. "चालतोय ना बाबा? मग उघडायचं कशाला?"

त्याने हत्यारांची पिशवी खाली ठेवली. लाजेने कान तापले होते. "अगं, मी चुकीचं सांगत आलो," तो म्हणाला. "तुझ्या बाबतीतही." आणि खाली बघत त्याने त्या औषधाचं सगळं सांगून टाकलं.

लेकीने सुईचं टोपण बसवलं. मग तिने पिशवी त्याच्याकडे सरकवली.

"त्यांच्याकडे तरी वेळेत जा," ती म्हणाली.