परटाने धुतलेला पुरावा

परीट तोंडाने फटकळ, पण हात असा की त्याच्या इस्त्रीच्या घडीला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. उभ्या जन्मात त्याने मळकं कापड घराबाहेर जाऊ दिलं नाही. आणि नेमकी हीच खोड त्याला नडली.

वरच्या अंगाला रंगाचा कारखाना आला आणि दोन वर्षांत परटाची विहीर नासली. पांढरं कापड बुडवावं, तर पिवळं होऊन वर यायचं. गिऱ्हाईकं तुटली. परटिणीच्या हातांची सालं निघाली. सहा खेटे घातल्यावर तक्रारीचे साहेब म्हणाले, "डाग पडलेली चादर आणा. सोमवारी पुरावा नाही, तर फाईल बंद."

सोमवारी सकाळी चादर पिशवीत भरताना परटाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. असलं धुणं घेऊन साहेबापुढे जायचं? परटीण पोरांना शाळेत सोडायला गेली होती, तिथून ती परस्पर कचेरीत येणार होती. तेवढ्यात याने प्यायला लांबून आणलेलं पाणी भट्टीवर चढवलं, सोडा घालून चादर उकळली, नीळ दिली, खळ दिली, ओली होती तीच इस्त्रीखाली वाळवली.

कचेरीत घडी उलगडली. बगळ्यासारखी शुभ्र.

कारखान्याचा वकील हसून हसून खोकला. "साहेब, या विहिरीचं पाणी माझ्याही घरी पाठवा."

परटीण नवऱ्याकडे बघतच राहिली. "धुतलीत?"

"पिवळी कशी आणणार? अब्रू आहे आपली."

"अब्रू घेऊन बसा आता."

साहेबांनी पेन उघडलं. परटिणीने आपले दोन्ही हात कागदावर ठेवले. लालभडक, भेगाळलेले.

"हे धुवा बघू. जातात का?"

"बाई, हात फाईलला लावता येत नाहीत."

"मग मी उठत नाही. घाला माझ्या हातावर सही."

मागे रांग वाढली, कुरकुर सुरू झाली. साहेब वैतागले. "पंधरा दिवस घ्या. पण परत धुतलीत तर याद राखा."

घरी येताच परटिणीने तीच चादर विहिरीत बुडवली. वाळली तेव्हा हळदीसारखी झाली होती. परीट ओट्यावर बसून चादरीकडे बघत होता, हात चोळत.

"नुसती एकदा खळबळतो."

"हात लावून तर बघा."

तिने चादर गाठोड्यात बांधली, बहिणीच्या घरी नेऊन पेटीत ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली. पंधरा दिवस घरात भांड्यांशिवाय कुणी कुणाशी बोललं नाही.

पंधराव्या दिवशी परटिणीने ती चादर साहेबांच्या टेबलावर अंथरली. वासाने वकिलाने नाकाला रुमाल लावला आणि पुढची तारीख मागितली.

"रुमाल आमच्याकडेच धुतलेला दिसतोय," परीट म्हणाला. "विहीर चांगली होती तेव्हाचा."

साहेबांनी तारीख दिली नाही. विहीर तपासायचा हुकूम लिहिला. परटाने मात्र मान फिरवली होती. टेबलावरची ती चादर त्याला बघवत नव्हती.