आतोबांचा फास्ट

अख्ख्या इंग्रजी भाषेतला एकच शब्द जन्मभर पुरवून खाल्लेला माणूस माझ्या पाहण्यात एकच, तो म्हणजे आमच्या आत्याचे यजमान. त्यांना आम्ही आतोबा म्हणायचो. इंग्रजी शिकायला म्हणून मला सोलापुरात त्यांच्या घरी ठेवलं आणि वर्षभर मी 'फास्ट' या शब्दापुढे सरकलो नाही. फास्ट म्हणजे जलद, फास्ट म्हणजे घट्ट, आणि फास्ट म्हणजे उपास. "पळतो तोही फास्ट, रुतून बसला तोही फास्ट. आणि ह्यांचं म्हणे आपल्यावर राज्य," असं ते पानावर बसल्या बसल्या म्हणायचे. त्यांच्या मते हा शब्द मुळात आपला 'फस्त'. गोऱ्यांनी तो बोटीतून नेला आणि वाटेत तो उलटा झाला. आपलं ताट रिकामं झालं की फस्त, त्यांचं पोट रिकामं राहिलं की फास्ट. एवढं सांगून होईतो भाकऱ्या आणि शेंगांची चटणी मूळ अर्थानं संपलेली असे. आत्याला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. "तुमचं चालू द्या," म्हणून ती तव्याकडे वळायची.

कुणाच्याही तोंडून हा शब्द निघाला की आतोबा थांबवून विचारणार, "कुठल्या अर्थानं?" एकदा अक्कलकोटला लग्नाला निघालो होतो. स्टेशनात खिडकीतला बाबू म्हणाला, "फास्ट पॅसेंजर लागलीय, पळा." आतोबांनी विचारलं, "कुठल्या अर्थानं?" बाबू बिचारा समजावून सांगेपर्यंत गाडी पहिल्या अर्थानं निघून गेली आणि आम्ही दुसऱ्या अर्थानं फलाटावर राहिलो. लग्नातलं जेवण चुकलं, त्यामुळे तिसराही अर्थ साधला. घरी येऊन आत्यानं पुन्हा तवा ठेवला.

नव्या पेठेतून त्यांनी आत्यासाठी एक लाल लुगडं आणलं होतं. त्याच्या पदरावर 'फास्ट कलर' असा छाप होता, म्हणजे रंग पक्का. पहिल्याच धुण्यात रंग सुटला आणि त्याच बादलीतलं आतोबांचं धोतर गुलाबी झालं. मला बरोबर घेऊन ते भांडायला दुकानात गेले. दुकानदारानं लुगडं उजेडात धरलं आणि शांतपणे म्हणाला, "आवो, फास्टच हाय की. बगा, किती लवकर गेला."  आतोबांनी त्याला चक्क नमस्कार केला, आणि गावात निदान एका माणसाला तरी भाषा कळते, या आनंदात घरी आले. "तुझ्या लुगड्यातून फास्ट गेला, माझ्या धोतरात फास्ट बसला," असं त्यांनी आत्याला सांगितलं. ते गुलाबी धोतर ते पुढे उदाहरण म्हणून नेसत.

मग आत्याला विषमज्वर झाला. ताप उतरेना. डॉक्टरांनी मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाडी फार फास्ट आहे." मी आतोबांकडे बघत राहिलो. त्यांनी विचारलं नाही. ते उठून परसात गेले आणि हौदाच्या कडेला बसले. मला तेव्हा खरी भीती वाटली. त्या दिवसापासून त्यांनी अन्न सोडलं. कुणाला सांगितलं नाही, देवाला नवसही केला नाही. शेजारणीनं आणलेलं ताट झाकलेलं तसंच परत जाई.

एका सकाळी आत्याला दरदरून घाम आला आणि ताप उतरला. तिनं डोळे उघडले. शेजारी आतोबा बसले होते, गालांची हाडं वर आलेली. तिनं बारीक आवाजात विचारलं, "जेवलात का?"

"नाही," ते दुसरीकडे बघत म्हणाले. "फास्ट."

आत्यानं मान त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाली, "कुठल्या अर्थानं?"

आतोबांना तिन्हीतला एकही अर्थ सांगता आला नाही. गुलाबी धोतराचा सोगा तोंडाला लावून ते लहान पोरासारखे रडले. ह्या माणसाचा मला वर्षभर वैताग होता, पण त्या वेळी त्याच्याइतकं जवळचं मला कुणी वाटलं नाही.

आता आत्या नाही, आतोबाही नाहीत. त्या धोतराचा एक तुकडा आमच्याकडे कंदिलाची काच पुसायला आहे. परवा मी तो घासून धुतला. गुलाबी आहे अजून.